एकतीस मेच्या आत एकतीस मिनिटं

२८ फेब्रुवारी २००२, गुरुवार

आज अण्णा रिटायर झाले. बत्तीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये बसले आणि आज नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. शिवाय भंगारात निघालेला एक जुना फ्रिक्वेन्सी मीटर कोणीतरी पॉलिश करून दिला. आईने तो टीव्हीवर ठेवला आणि वर विणलेला रुमाल घातला.

क्वार्टर सोडायला तीन महिने. ३१ मेला शेवटचा दिवस. मग गावी, देवळ्याला, वाल्मीककाकांच्या शेजारी बांधलेल्या दोन खोल्यांत. तिथे लाइट किती वेळ असते असं विचारायची पद्धत नाही. इथे सगळ्या जिल्ह्याला भारनियमन, पण कॉलनीत वीज जात नाही. एकलहऱ्यात राहण्याचा मला झालेला एवढाच फायदा.

पोर्तुगालमध्ये रेकॉर्ड काढणाऱ्या रुईचं पत्रही आजच आलं. रेकॉर्डची एक बाजू तिथल्या एका बँडची, दुसरी माझी. एकतीस मिनिटं. टेप जूनच्या मध्यापर्यंत त्याच्या हातात पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या कोणाला घेणार. हे सगळं आज एकाच दिवशी कळावं याला काय म्हणावं.


५ मार्च, मंगळवार

आज अण्णांनी विचारलं, "तू जे वाजवतोस त्याला म्हणतात काय?"

मी म्हटलं, डूम मेटल. त्यातलंही सगळ्यात संथ. एका मिनिटात पंचवीस ठोके.

"पेशंट असता तर अ‍ॅडमिट केला असता," अण्णा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

बँडचं नाव बुडीत. बँड म्हणजे मी. देवळाली कॅम्पात मिलिटरीच्या लिलावातला माल विकणाऱ्या भिकनकडून मी एक स्पूलचा टेप रेकॉर्डर आणला आहे, त्यावर डाव्या बाजूला ढोल आणि बेस गिटार आधी भरायचं. मग ते कानात ऐकत उजव्या बाजूला गिटार आणि आवाज, एका दमात, न थांबता. टेप एकच धड आहे. चुकलं की पुसायचं, आणि पुसलं की ती थोडी झिजते.

गाणं दादाचं आहे. अमितदादा, माझा थोरला भाऊ. येत्या ऑगस्टात चार वर्षं होतील. तो नदीत पोहायला गेला आणि तिसऱ्या दिवशी सायखेड्याच्या अलीकडे सापडला. ते तीन दिवस आई काठावर बसून त्याला हाका मारत होती. तेव्हा तो काय म्हणाला असता, एवढंच गाण्यात आहे. 'आई, मला शोधू नकोस. तळाशी गाळ मऊ आहे. काठावर दिवा ठेवू नकोस, मला वर बघवत नाही.' असं एकतीस मिनिटं. मराठीतच म्हणणार. रुईला एक शब्द कळणार नाही, आणि माझ्या तोंडून तो आवाज निघतो तेव्हा मराठी माणसालाही कळायचा नाही असं मला वाटतं.


१७ मार्च, रविवार

गाण्याची वही दोन दिवस सापडत नव्हती. आज देव्हाऱ्यामागे मिळाली. आई म्हणाली, आवरताना गेली असेल. पहिल्या पानावरची शाई पाण्याने फुटली आहे, 'आई,' हा शब्द आणि खालची माझी सही तेवढी नीट राहिली. मी प्रत्येक गाण्याखाली सही आणि तारीख टाकतो. मी चिडून विचारलं, वहीला पाणी कुठे लागलं? आई देव्हारा पुसायला लागली. देव्हाऱ्याजवळ तांब्या असतो, तो लवंडला असणार.


२१ मार्च, गुरुवार

अण्णांनी माझ्या खोलीतला पंखा काढून नेला. म्हणे वाइंडिंग जळायला आलंय. काल रात्रीपर्यंत तर चांगला फिरत होता. त्याच स्टुलावर उभं राहून त्यांनी छतातला हूकही पान्याने काढला, म्हटलं हूक कशाला, तर म्हणाले, गंजलाय. रिटायर माणसाच्या हाताला काम नसलं की घराचे स्क्रू सुटायला लागतात.

माझ्या पथ्यावरच पडलं म्हणा. पंख्याची घरघर माइकमध्ये यायचीच. पण उकाड्याने जीव जातो. बादलीत पाणी भरून त्यात पाय सोडून वाजवतो.


२४ मार्च, रविवार

दाराची आतली कडीही गेली. तीही गंजली होती म्हणे. आता रेकॉर्डिंग चालू असताना कोणीही दार ढकलू शकतं. मी आरडाओरडा केला. अण्णा नुसते खाली बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दार ढकलणार नाही कोणी. मी बाहेर बसतो ना."

खरोखरच बसले. व्हरांड्यातली खुर्ची आणून माझ्या दारासमोर ठेवली आणि पेपर उघडला. आयुष्यभर पॅनेलपुढे बसले, आता माझ्यापुढे. भीक नको पण कुत्रं आवर असं झालंय मला.


२ एप्रिल, मंगळवार

डावी बाजू पूर्ण. ढोल आणि बेस, एकतीस मिनिटं, एकही चूक नाही. चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे होईल.

आजपासून आवाजाचा सराव. हा आवाज घशातून काढला तर दोन दिवसांत घसा जातो. तो पोटाच्या तळातून आणावा लागतो, आणि एकदा आला की लगेच जात नाही. पाच-दहा मिनिटं साधं बोललं तरी तसंच निघतं. शेजारच्या कुसाबाईंनी मागे एकदा आईला विचारलं होतं, घरात कोणाच्या अंगात येतं का.

सराव संपवून दार उघडलं तर उंबऱ्यावर शेवयांच्या खिरीची वाटी, वर झाकण. मला शेवयांची खीर आवडत नाही हे आईला गेली सव्वीस वर्षं माहीत आहे. दादाला आवडायची. आईचं वय झालं.


९ एप्रिल, मंगळवार

पुन्हा खीर. म्हटलं, अगं मी खात नाही. तर म्हणाली, "राहू दे तिथे. तू नको खाऊ."

आज एक विचित्र झालं. सराव ऐन रंगात असताना दाराबाहेरून आईने विचारलं, "पाणी गार आहे का रे?" मी पाय बादलीत सोडून बसलो होतो. आवाज अजून पोटातच होता, त्यामुळे उत्तर तसंच निघालं, "हो. गार आहे."

मग तिने विचारलं, "फार गार?"

मी म्हटलं, "नाही. बरं वाटतं."

नंतर बाहेर आलो तर आई मोरीत तोंड धूत होती आणि अण्णा खुर्चीवर पेपर उलटा धरून बसले होते. बादलीतल्या पाण्यावरून एवढं काय ते मला समजलं नाही.


२० एप्रिल, शनिवार

वाल्मीककाका देवळ्याहून अचानक आले. कांदा काढायचे दिवस, मजूर मिळत नाहीत म्हणून गेल्या वर्षी नात्यातल्या लग्नालासुद्धा आले नव्हते. आल्या आल्या माझा दंड दाबून म्हणाले, "काय रे ललित, बरा शे ना तू?"

संध्याकाळी मला फिरायला नेलं. मी नदीकडे वळलो तर हाताला धरून उलट्या दिशेला, नाशिकरोडच्या रस्त्याला लावलं. म्हणाले, देवळ्यात मोबाइलचं दुकान टाकू, पोरगी बघू, मळ्यात एक खोली तुझ्या वाद्यांना देऊ. "लय वाजव तिथं. कांद्याला काय तरास नाय."

मला हसू आलं, पण काकांचे डोळे हसत नव्हते. कांद्याचा भाव पडला असेल.


२६ एप्रिल, शुक्रवार

आजच्या सरावात निम्म्यावर थांबलो. जे कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो.

दादा गेला त्या दिवशी मी घरीच होतो. मित्राकडून गिटारचा आवाज बदलणारा एक पेडल एका दुपारपुरता मागून आणला होता. दादा म्हणाला, चल, पोहायला. आईने बजावलं होतं की एकट्याने नदीवर जायचं नाही. मी म्हटलं, तू हो पुढे, मला एवढं एक वाजवू दे. तो दारात थोडा थांबला, मग गेला. मी तीन तास वाजवत होतो. इतकं छान मी पुन्हा कधी वाजवलं नाही. संध्याकाळी लोक हाका मारत आले तेव्हाही मी आधी अ‍ॅम्प बंद केला आणि मग दार उघडलं.

आईने मला आजवर विचारलेलं नाही की तू बरोबर का गेला नाहीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून हे गाणं झालंच पाहिजे. चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही.


१ मे, बुधवार

सगळं संपलं. आज पहिल्यांदा पूर्ण टेक घेतला, संध्याकाळी सहाला. गिटार आणि टेपवरचा बेस जुळतच नाहीत. गिटार नीट सुरात लावून बसलो, आणि बेस पाव सुराने खाली. बेस मीच वाजवलाय, तोच तो. तार बदलली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. सकाळी वाजवून बघितलं होतं तेव्हा जुळत होतं. म्हणजे एक तर माझे कान गेले किंवा डोकं. नाचता येईना अंगण वाकडं, असं दादा म्हणाला असता.


४ मे, शनिवार

तीन दिवस रोज संध्याकाळी टेक. रोज बेसूर. टेपची भुकटी हेडवर दिसायला लागली आहे. आणखी फार तर दोनदा पुसता येईल.

काल दुपारपासून जेवलो नाही. भूक लागत नाही, झोपही नाही. जून महिना डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ३१ मेपर्यंतचे दिवस दिसतात, त्यानंतर काही दिसतच नाही. देवळा दिसत नाही, दुकान दिसत नाही, मी दिसत नाही. गाणं झालं की मी काय करणार याचा मी विचारच केलेला नाही. खरं सांगायचं तर त्यात मला फार वाईटही वाटत नाही. गाणं व्हावं एवढंच वाटतं. आणि आता तेही होत नाही.

अण्णा बाहेर बसून आहेत. दर अर्ध्या तासाने खोकतात आणि विचारतात, "ललित, आहेस ना?" मी हो म्हणेपर्यंत विचारत राहतात.


१२ मे, रविवार

अण्णांशी भांडलो. ते दार ढकलून आत आले तेव्हा मी गिटार भिंतीवर आपटणार होतो. त्यांनी ती माझ्या हातातून काढून खाटेवर ठेवली आणि म्हणाले, "काय बिघडलंय ते मला सांग. ऑपरेटरला सांगतात तसं सांग. रडू नको."

मी सांगितलं. सकाळी जुळतं, संध्याकाळी बेस खाली जातो.

अण्णांनी रेकॉर्डर उलटा केला, मोटार बघितली आणि चक्क हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "अरे वेड्या, ही मोटार लाइनवर पळते. लाइनची फ्रिक्वेन्सी पडली की ही हळू होणारच. पन्नास असायला पाहिजे. संध्याकाळी सगळ्या राज्यात दिवे लागले की साडेअठ्ठेचाळीसच्या खाली येते. बत्तीस वर्षं मी तेच बघत बसलो."

टीव्हीवरचा मीटर, रुमालासकट, माझ्या टेबलावर आला. रुमाल अण्णांनी खिशात घातला. दुपारभर आम्ही दोघं मीटर बघत बसलो. अण्णांनी जुन्या लॉगशीटच्या पाठीमागे दर पाव तासाला आकडे लिहिले. शेवटी म्हणाले, रविवारी दुपारी दीड ते तीन. कारखाने बंद, लोक जेवून आडवे. तेव्हा काटा पन्नासच्या आसपास टिकतो.

कान शाबूत आहेत माझे. आज दोन पोळ्या खाल्ल्या.


१९ मे, रविवार

टेक चांगला चालला होता. बाविसाव्या मिनिटाला काटा एकदम घसरला, कुठेतरी वीजनिर्मितीचा एखादा संच बंद पडला असणार. अण्णांनी कपाळावर हात मारला. पुसलं. आता एकच रविवार.

शेवटचा टेक घेताना अण्णा खोलीत बसणार आहेत, मीटरवर नजर ठेवायला. मला एकट्यानेच करायची सवय आहे, आवाज काढताना कोणी बघितलेलं मला चालत नाही. पण ते म्हणाले, "मी तुझ्याकडे बघणार नाही, काट्याकडे बघीन." मग मी हो म्हटलं.


२६ मे, रविवार

झालं.

एक पस्तीसला सुरू, दोन वाजून सहा मिनिटांनी संपलं. काटा पन्नासावर खिळल्यासारखा. शेवटचा सूर हवेत विरेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मी टेप थांबवली. अण्णा काट्याकडे बघतच नव्हते. कधीपासून बघत नव्हते कोण जाणे.

ते म्हणाले, "हे काठावरचं वगैरे, दिव्याचं... हे अमितचं आहे?"

मी मान हलवली. आवाज अजून पोटात होता, बोलायची भीती वाटली.

"आम्ही वहीत वाचलं होतं," ते म्हणाले. "खाली तुझी सही होती. आम्हाला वाटलं, तूच आईला लिहून ठेवलंयस." मग म्हणाले, "नीट सांग मला. अमितचंच आहे, की तुझंही आहे?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "लिहायला घेतलं तेव्हा दादाचंच होतं."

अण्णा उठून माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये पुढचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. कितीही दमला असलास तरी. अमितची सुटली. ती त्याची चूक नव्हती. तू सोडायची नाहीस. मी अजून इथे बसलोय."

मी पेडलची गोष्ट सांगितली. त्या दुपारची. सगळी. अण्णा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मला माहीत होतं. गिटारचा आवाज कंट्रोल रूमपर्यंत येत नाही, पण कुसाबाईचा येतो." मग आम्ही दोघंही रडलो. मी मोठ्याने, ते आवाज न करता.


२८ मे, मंगळवार

टेप पोस्टात टाकली. नाशिकरोडच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे. म्हटलं, गाणं. त्यांनी पाकीट हलवून बघितलं.

घरात पोती, खोके, सुतळी. काल रात्री चार वर्षांत पहिल्यांदा नऊ तास झोपलो.


३० मे, गुरुवार

उद्या सकाळी ट्रक. माझ्या खोलीत फक्त खाट राहिली आहे. दुपारी आई आली आणि खाटेच्या कडेवर बसली. बराच वेळ साडीच्या पदराची गाठ सोडत-बांधत होती.

"झालं का तुझं ते?" तिने विचारलं.

"झालं. पाठवलंसुद्धा."

"म्हणजे आता परत नाही काढणार तो आवाज?"

"एवढ्यात नाही," मी म्हटलं. "का गं?"

ती म्हणाली, "मग त्याला सांगायचं कसं? आपण इथून चाललोय ते."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिचं डोकं ठिकाणावर होतं. सकाळीच तिने डब्यांना नंबर टाकले होते, गॅसचं कार्ड ट्रान्सफरला दिलं होतं. आणि मला खिरीच्या सगळ्या वाट्या एकदम आठवल्या. पाणी फार गार आहे का, हेही. मी किती मूर्ख आहे. घरात तीन माणसं, आणि मला वाटत होतं की मी एकटाच बुडतोय.

"आई, तो मीच असतो," मी म्हटलं.

"मला कळतं रे," ती म्हणाली. "एवढी का मी खुळी आहे. पण चार वर्षांत दुसरं कोणी मला त्याच्याकडून काही बोललंच नाही. अण्णा नाव काढत नाहीत, तू नाव काढत नाहीस. एकदाच. मग नाही मागणार."

अण्णा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, ते तिला उठवतील. त्यांनी काही केलं नाही.

मी पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि तो आवाज पोटाच्या तळातून वर आणला. गिटार नाही, ढोल नाही, रिकाम्या खोलीत तो नुसता आवाज माझाच मला भीतिदायक वाटला. आईने भिंतीकडे बघत, जेवायला हाक मारावी इतक्या साध्या सुरात सांगितलं, "अमित, आम्ही उद्या देवळ्याला जातोय. वाल्मीकभाऊजींच्या शेजारी. तू येशील ना तिकडे?"

गाण्यात याचं उत्तर नव्हतं. एकतीस मिनिटांत मी फक्त शोधू नकोस, शोधू नकोस म्हणत राहिलो होतो. हो म्हटलं असतं तर ती जन्मभर उंबऱ्यावर वाट्या ठेवत बसली असती. नाही म्हटलं असतं तर आजच त्याला दुसऱ्यांदा पोचवावं लागलं असतं. अण्णा माझ्याकडे बघत होते.

मी त्या आवाजात म्हटलं, "मी नाही येणार, आई. ललित येतोय."

आईने डोळे पुसले, दोनदा मान हलवली आणि म्हणाली, "बरं." मग उठून मला म्हणाली, "चल, खाट मोकळी कर. पलीकडून अण्णा धरतील."